वेदना निम्मी झाली, गोळ्या तेवढ्याच राहिल्या: मज्जारज्जू-उत्तेजक आणि ओपिऑइड यांचं एक प्रकरण

मज्जारज्जूला विजेचे हलके स्पंद देऊन वेदना दाबणारं यंत्र, म्हणजे स्टिम्युलेटर, बसवून तीन महिने झाले होते. पायाची वेदना दहापैकी आठवरून तीनवर आली होती, रात्रीची झोप बऱ्यापैकी लागत होती, आणि ऑक्सिकोडोन या ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकाचा, डोस शस्त्रक्रियेच्या दिवशी होता तेवढाच होता. दीर्घकालीन वेदनेवर काम करणाऱ्या कुठल्याही पथकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. यंत्र चालतंय, रुग्ण समाधानी आहे, मग गोळ्या का सुटत नाहीत? या प्रकरणात त्याचं उत्तर रुग्णाच्या वेदना-डायरीत मिळालं, आणि त्यानंतरची सगळी दिशा त्या उत्तरावरून ठरली.

हे एका विशिष्ट व्यक्तीचं हुबेहूब वर्णन नाही. वेदना-चिकित्सेत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या परिस्थितीतून ते बांधलं आहे. औषधांचे आकडे, क्रम आणि निर्णय मात्र प्रत्यक्षात घडतात तसेच ठेवले आहेत.

आधीची कहाणी

रुग्ण ५२ वर्षांच्या बाई, काम बैठं. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकून डाव्या पायात कळ जायची, म्हणून पहिली शस्त्रक्रिया झाली. वर्षभर बरं वाटलं. मग कळ परत आली, आणि दुसऱ्या वेळी स्क्रू व दांड्या घालून मणके सांधले गेले. त्यानंतरची वेदना आधीच्यापेक्षा वेगळी होती. नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागापर्यंत आणि अंगठ्यापर्यंत जळजळ, मध्येच विजेसारखी चमक. चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होईना. एमआरआयमध्ये नसेवर आता कसलाही दाब दिसत नव्हता, मुळाभोवती व्रणाची ऊती तेवढी होती. तिसऱ्या शस्त्रक्रियेत हाती काही लागणार नाही, असं शल्यचिकित्सकांनी स्वच्छ सांगितलं. त्यांनी ते सांगितलं हे फार बरं झालं. अशा रुग्णांना आणखी एकदा टेबलावर घेण्याचा मोह अनेकदा आवरला जात नाही.

गोळ्यांची चढण नेहमीसारखीच होती. आधी ट्रामाडॉल, ते पुरेना म्हणून ऑक्सिकोडोन, मग दर काही महिन्यांनी एकेक पायरी वर. आमच्याकडे आल्या तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती. सकाळी व संध्याकाळी ३० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी, शिवाय ‘लागली तर’ म्हणून ५ मिलिग्रॅमची लगेच काम करणारी गोळी, ती दिवसातून चारदा. दिवसाला एकूण ८० मिलिग्रॅम. ऑक्सिकोडोनचा एक मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिनच्या दीड मिलिग्रॅमच्या तोडीचा धरतात, म्हणजे मॉर्फिनच्या हिशेबात १२०. सोबत नसेच्या वेदनेवरचं प्रीगॅबालिन १५० मिलिग्रॅम दोनदा, आणि झोपताना अल्प्राझोलाम, म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातलं गुंगी आणणारं औषध.

यातली सगळ्यात काळजीची गोष्ट नुसता १२० हा आकडा नव्हता. ओपिऑइड, बेन्झोडायझेपिन आणि प्रीगॅबालिन ही तिन्ही झोपेतला श्वास मंदावतात, आणि एकत्र आली की धोका वाढत जातो. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपिन एकत्र देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, एफडीएने, २०१६ मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा औषधांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला, तो याच कारणाने. बाईंचे यजमान सांगत होते, रात्री घोरणं मध्येच थांबतं आणि मग ह्या दचकून श्वास घेतात. त्यामुळे स्टिम्युलेटरचा विचार पुढे जाण्याआधीच दोन गोष्टी केल्या. झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घेतली. आणि ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवायला देऊन तो कधी व कसा वापरायचा, ते यजमानांना शिकवलं. हा फवारा फक्त व्यसनी माणसासाठी असतो, असा समज अजून घट्ट आहे. ज्या घरात एवढ्या डोसच्या गोळ्या आहेत, त्या घरात तो असायलाच हवा.

यंत्र कशासाठी

कल्पना जुनी आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात वेदनेच्या संदेशांसाठी एक प्रकारचं दार असतं, आणि स्पर्श वाहणाऱ्या जाड तंतूंची हालचाल वाढली की ते दार बंद होतं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या वेदनेने हैराण झालेल्या रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून ती कल्पना प्रत्यक्ष वापरून पाहिली. आजची यंत्रं लहान झाली आणि त्यांचे प्रवाह निरनिराळे झाले. कुठे ४०–६० हर्ट्झचे नेहमीचे स्पंद, ज्यांनी पायात मुंग्या जाणवतात. कुठे १० हजार हर्ट्झचे, ज्यांनी काहीच जाणवत नाही. कुठे झुबक्याझुबक्याने येणारे. हे सगळं नक्की कसं काम करतं याचं स्पष्टीकरण आता दाराच्या सिद्धांतापलीकडे गेलं आहे. रुग्णासाठी महत्त्वाचं एवढंच की नसेच्या इजेमुळे होणाऱ्या पायाच्या वेदनेवर ते जास्त चालतं, आणि कंबरेच्या बोथट, यांत्रिक दुखण्यावर कमी भरवशाने.

निवडीआधीच्या भेटीत बाईंना विचारलं, “काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल की हे केलं ते बरं झालं?” त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पाय जळणं थांबावं. अर्धा तास न बसता चालता यावं. तिसरी सांगताना त्या थोड्या थांबल्या. “दुपारी माझं डोकं जागेवर असावं. आता सगळं कापसातून ऐकल्यासारखं वाटतं.”

पहिल्या दोन गोष्टी यंत्राच्या आवाक्यात होत्या. तिसरी गोळ्यांची होती. यंत्र कितीही उत्तम चाललं तरी ८० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन घेणाऱ्या माणसाचं डोकं दुपारी मोकळं होणार नाही. म्हणून त्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवलं आणि बाईंनाही सांगितलं की इथे उपचार दोन आहेत, एक स्टिम्युलेटर आणि दुसरा डोस उतरवणं. पहिला झाला की दुसरा आपोआप होईल, असं धरून चालायचं नाही.

मानसशास्त्रीय मूल्यमापनही झालं. त्याबद्दल रुग्णांच्या मनात अढी असते. आपली वेदना खरी की खोटी हे तपासतात, असं त्यांना वाटतं. खरं तर तिथे उपचार न केलेलं नैराश्य, गोळ्यांवरचा ताबा सुटल्याच्या खुणा, आणि यंत्राकडून असलेल्या अवाजवी अपेक्षा बघतात. बाईंची भीती तिथे पहिल्यांदा शब्दांत आली. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर एका रात्री गोळ्या संपल्या होत्या आणि दुकान बंद होतं. त्या रात्रीचं बोलताना त्यांचे हात थरथरत होते. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली.

चाचणी

आधी तात्पुरती लीड, म्हणजे इलेक्ट्रोड असलेली बारीक तार, घालून पाहायची आणि निदान निम्मा आराम पडला तरच कायमचं यंत्र बसवायचं, ही रूढ पद्धत आहे. बाई टेबलावर पालथ्या, पोटाखाली उशी, शुद्धीवर. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत जाड सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत नेली आणि तिच्यातून आठ इलेक्ट्रोडांची बारीक लीड वर सरकवत छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीला आणली. मग हलका प्रवाह सुरू केला.

“काही जाणवतंय?”

“बरगडीपाशी. उजवीकडे.”

लीड किंचित मागे, किंचित डावीकडे. पुन्हा प्रवाह.

“आता मांडीत. गुडघ्याखाली उतरतंय… हां, नडगी. पाऊल. अंगठ्यात आलं.”

रुग्णाला जागं ठेवायचं ते एवढ्यासाठी. जिथे जळतं तिथे मुंग्या पोहोचल्या की लीड योग्य जागी आहे, हे रुग्णाच्याच तोंडून कळतं. मुंग्या न आणणाऱ्या काही पद्धतींत फक्त मणक्याच्या खुणांवरून लीड ठेवतात आणि हा संवाद वगळतात. इथे तो महत्त्वाचा होता, कारण बाईंची वेदना एका नसेच्या पट्ट्यात नीट बसत होती.

चाचणी आठवडाभर चालली. त्या काळात गोळ्या जशाच्या तशा ठेवल्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. काही केंद्रांमध्ये चाचणीतच गोळ्या कमी करायला सांगतात, म्हणजे आराम ‘खरा’ आहे की नाही ते कळेल असा विचार असतो. आम्हाला तो पटत नाही. एकाच आठवड्यात प्रवाह सुरू करायचा आणि डोसही हलवायचा, तर पुढे काय कशामुळे झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय डोस कमी केल्याचा त्रास यंत्राच्या माथी मारला जाईल. आठवड्याच्या शेवटी पायाची वेदना आठवरून तीन, कंबरेची सहावरून पाच, चालणं दहा मिनिटांवरून पंचवीस. पायासाठी निकाल स्पष्ट होता. कंबरेत फारसा फरक पडणार नाही, हेही स्पष्ट होतं आणि ते बाईंना सांगितलं.

कायमची शस्त्रक्रिया सुरळीत झाली. बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात, त्वचेखाली. लीडभोवती व्रणाची पकड बसेपर्यंत काही आठवडे वाकणं, कंबरेत पीळ देणं, हात डोक्यावर ताणणं बंद. पहिले तीन महिने प्रवाहाची जुळवाजुळव करण्यात गेले आणि तेवढा काळ डोसला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं होतं.

डायरीत काय दिसलं

तीन महिन्यांनंतर डोस उतरवण्याची बोलणी सुरू झाली. बाई घाबरल्या. “पाय बरा आहे, डॉक्टर, पण गोळीला जरा उशीर झाला की सगळं परत येतं. म्हणजे आतून दुखणं तसंच आहे ना?”

हा तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. म्हणून दोन आठवडे डायरी लिहायला सांगितली, नेहमीपेक्षा जरा वेगळी. नुसता आकडा लिहायचा नाही. दुखतंय कुठे, कसं, त्या वेळी आणखी काय होतंय, आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे सगळं लिहायचं.

डायरीत दोन वेदना निघाल्या.

एक होती ओळखीची. डाव्या पायाचा तोच पट्टा, तीच जळजळ, आता तीनच्या आसपास. जास्त वेळ बसल्यावर चारपर्यंत. ती कधीही येई, घड्याळाशी तिचा संबंध नव्हता.

दुसरी जवळजवळ रोज दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. दोन्ही पोटऱ्यांत आणि मांड्यांत ठणका, पाय एका जागी ठेववत नाहीत, अंग मोडून येतं. त्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं: सारख्या जांभया, नाक वाहतं, हातावर काटा, जीव थाऱ्यावर नाही. आणि पुढे: पाचची छोटी गोळी घेतली, वीस मिनिटांत बरं.

सकाळी सातची सावकाश विरघळणारी गोळी चारपर्यंत बरीच उतरलेली असते, संध्याकाळची सातला. चार ते सहा ही दोन डोसांमधली दरी होती, आणि त्या दरीत शरीर ओपिऑइड मागत होतं. उजवा पाय तर कधीच आजारी नव्हता. तो दुखायचं दुसरं कारण काय? जांभया, वाहणारं नाक, अंगावरचा काटा ही ओपिऑइड कमी पडल्याची पाठ्यपुस्तकी लक्षणं आहेत. गोळी घेतली की ती जातात, आणि रुग्णाला प्रामाणिकपणे वाटतं की गोळीने वेदना गेली.

स्टिम्युलेटर पहिल्या वेदनेवर चालत होता. दुसरी वेदना औषधाने निर्माण केलेली, आणि तिच्यावर डाव्या पावलाकडे वळवलेल्या विजेच्या स्पंदांचा काडीचा उपयोग होणार नव्हता. वेदना निम्मी आणि गोळ्या तेवढ्याच, यात विसंगती नव्हतीच.

डायरीतली आणखी एक नोंद: सकाळी सातला मोठ्या गोळीबरोबर एक छोटी गोळी रोज घेतली जात होती, आणि त्या वेळी वेदनेचा आकडा दोन किंवा तीन. विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “दिवस वाईट जाऊ नये म्हणून.” गोळ्या संपलेल्या त्या रात्रीची भीती इथे बसली होती.

दीर्घकाळ मोठ्या डोसवर राहिलेल्या काही रुग्णांत याच्याही पुढची गोष्ट होते. ओपिऑइडमुळे मज्जासंस्थाच वेदनेला जास्त संवेदनशील बनते आणि डोस वाढवला की दुखणं कमी होण्याऐवजी पसरतं. बाईंमध्ये ते किती होतं हे सांगणं अवघड होतं. पण डोस वाढवणं हा मार्ग बंद आहे, हे दोन्ही शक्यतांत सारखंच.

संशोधन काय म्हणतं

इथे चित्र सरळ नाही, आणि रुग्णापुढे ते सरळ करून मांडणं अन्यायाचं आहे. २००५ मध्ये रिचर्ड नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया आणि स्टिम्युलेटर यांची तुलना केली. पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्यांचा ओपिऑइडचा डोस जास्त वेळा वाढला. २००७ मध्ये कृष्णा कुमार आणि सहकाऱ्यांच्या १०० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने कमी झालेले यंत्राच्या गटात ४८ टक्के होते, फक्त औषधांच्या गटात ९ टक्के. पण त्या चाचणीला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, कुणाला यंत्र आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वर्षभरात जवळपास तिघांतल्या एकाला यंत्राशी संबंधित गुंतागुंत झाली.

२०२२ मध्ये नॉर्वेतल्या ५० रुग्णांच्या चाचणीत झुबक्याने येणारा प्रवाह चालू आणि बंद ठेवून तुलना केली, कधी काय चालू आहे हे रुग्णांना माहीत नव्हतं. दैनंदिन अक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमा-नोंदींवरून संकेत ध्रुव आणि सहकाऱ्यांनी यंत्र बसवलेल्या १,२६० रुग्णांची नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६,३०० जणांशी तुलना केली. दोन वर्षांनंतर यंत्राच्या गटात ओपिऑइडचा वापर कमी झालेला दिसला नाही, आणि २२ टक्के रुग्णांत यंत्रात फेरबदल करावे लागले किंवा ते काढावं लागलं.

हा शेवटचा अभ्यास अनेकांना धक्कादायक वाटला. आम्हाला तो या प्रकरणाशी जुळणारा वाटतो. विम्याच्या नोंदींत यंत्र बसवल्याचं दिसतं. डोस उतरवण्याची योजना कुणी केली, दर महिन्याला फोन कुणी केला, डायरी कुणी वाचली, हे त्यांत नसतं. ज्या रुग्णांत कुणीच डोस उतरवला नाही, त्यांचा डोस उतरला नाही. त्यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. पण ‘यंत्र बसवा, गोळ्या सुटतील’ हे वाक्य रुग्णाला सांगायचा अधिकार कुणाला राहत नाही, आणि ते अजूनही सर्रास सांगितलं जातं याचा संताप येतो.

डोस उतरवणं

एक वर्षाहून जास्त काळ ओपिऑइड घेणाऱ्यांचा डोस महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवावा, असं सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात आहे. २०१६ च्या आवृत्तीतल्या दिवसाला मॉर्फिनच्या हिशेबात ९० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा कायद्यासारखा वापर होऊन अनेकांच्या गोळ्या एकदम तोडल्या गेल्या होत्या. २०१९ मध्ये एफडीएला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. अचानक तोडण्याने तीव्र त्रास, हतबलता, अगदी आत्महत्येपर्यंत गोष्टी जातात. म्हणून बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, “वेग तुम्ही ठरवायचा. थांबता येईल. एकदम बंद कधीही करणार नाही.” गोळ्या संपलेली ती रात्र पुन्हा येणार नाही, याची खात्री पटल्याशिवाय त्या पुढे सरकल्या नसत्या.

सुरुवात सकाळच्या छोट्या गोळीपासून केली. ती वेदनेसाठी नव्हती, भीतीसाठी होती, आणि तेव्हा अंगात मोठी गोळीही पडत होती. ८० वरून ७५. त्रास जवळजवळ नाही. पुढच्या महिन्यात दुपारी बाराची छोटी गोळी: ७०. संध्याकाळी पाचच्या गोळीला मुद्दाम हात लावला नाही. दरी तिथेच होती. त्यानंतर सकाळची मोठी गोळी ३० वरून २५ केली आणि दरी रुंदावली. दोन आठवडे संध्याकाळ वाईट गेली, जुलाब झाले, झोप उडाली. बाई फोनवर म्हणाल्या, “पाय दुखत नाही, मीच दुखतेय.” पुढची पायरी महिनाभर लांबवली. त्रास ओसरला. या काळात अल्प्राझोलाम जाणूनबुजून तसंच ठेवलं. दोन्ही औषधं एकाच वेळी उतरवली तर माणूस कोलमडतो.

यातला सगळ्यात मोलाचा भाग डॉक्टरांनी केला नाही. आमच्या परिचारिका दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन करायच्या. दहा मिनिटं. जांभया किती, जुलाब आहेत का, झोप कशी, पायाचा पट्टा कसा. पट्ट्यातली जळजळ वाढली तर प्रवाहाची जुळणी बघायची. बाकीचं वाढलं तर डोसची पायरी थांबवायची. हा फरक त्या फोनवर ओळखायच्या, आणि काही महिन्यांत बाई स्वतः ओळखायला लागल्या.

लीड सरकली

डोस दिवसाला ६० मिलिग्रॅमवर आला होता. एक दिवस कपाटावरची वस्तू काढायला बाईंनी हात ताणला आणि संध्याकाळपर्यंत पायाची जळजळ सातवर गेली. मुंग्या पावलाऐवजी मांडीच्या पुढच्या भागात येत होत्या. इथे काही गूढ नव्हतं. क्ष-किरणांत लीड जवळपास एका मणक्याएवढी खाली उतरलेली दिसली.

यजमान म्हणाले, “तोपर्यंत पूर्वीचा डोस देऊ का? घरात जुन्या गोळ्या आहेत.”

हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण होता. डोस उतरला की शरीराची सवयही उतरते. काही महिन्यांपूर्वी जो डोस बाई रोज पचवत होत्या, तोच आता झोपेत श्वास थांबवू शकतो, आणि सोबत अल्प्राझोलाम होतंच. डोस उतरवणाऱ्या प्रत्येक घराला हे पहिल्या पायरीलाच सांगितलं जातं, यांनाही सांगितलं होतं. पण वेदना सातवर असताना ऐकलेलं आठवत नाही. उरलेल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्या दिवशी मागवून घेतल्या, मोजल्या आणि नष्ट करायला दिल्या. डोस वाढवला नाही, कमीही केला नाही, ६० वर धरला. लीडवर आठ इलेक्ट्रोड असल्याचा फायदा इथे झाला. खाली सरकलेल्या लीडच्या वरच्या टोकाचे इलेक्ट्रोड चालू करून मुंग्या पुन्हा पावलापर्यंत नेता आल्या. अंगठा पूर्वीसारखा व्यापला नाही, पण वेदना चारवर आली. पुन्हा शस्त्रक्रिया करून लीड वर न्यायची का, हे बाईंना विचारलं. त्या नको म्हणाल्या, आणि चारवर त्यांचं भागत होतं.

डोसची पुढची पायरी सुरू करायला तीन महिने थांबलो. काहींना हा वेळ वाया गेलेला वाटेल. त्या तीन महिन्यांत बाईंना कळलं की वेदना वाढली तरी गोळी न वाढवता मार्ग निघतो. त्यानंतरच्या पायऱ्या आधीपेक्षा सोप्या गेल्या.

आता

यंत्र बसवून दीड वर्ष झालं. ऑक्सिकोडोन दिवसाला २० मिलिग्रॅम, सकाळी १० आणि संध्याकाळी १०. मॉर्फिनच्या हिशेबात ३०. छोट्या गोळ्या पूर्ण बंद. पायाची वेदना चार, कंबरेची पाच, म्हणजे कंबरेत फारसा फरक नाही, आणि तिच्यासाठी व्यायाम-चिकित्सा चालू आहे. सलग चालणं पस्तीस मिनिटं. बद्धकोष्ठाची औषधं निम्म्यावर आली. घोरण्यातले खंड कमी झाल्याचं यजमान सांगतात, पण त्यावर विसंबता येत नाही. झोपेची तपासणी पुन्हा करायची आहे. दुपारचं डोकं कसं आहे, या प्रश्नावर बाई म्हणाल्या, “आता मी एखादा लेख वाचायला घेतला तर संपवते.”

शून्यावर जायचं का, हा प्रश्न खुला आहे. वेदना-चिकित्सेतल्या काही सहकाऱ्यांच्या मते शून्याखेरीज काहीही यश नाही. आमचं मत तसं नाही. ३० वर जोखीम पुष्कळ कमी आहे, आणि शेवटच्या पायऱ्या बहुधा सगळ्यात कठीण असतात, कारण उरलेल्या डोसाच्या मानाने प्रत्येक पायरी मोठी होत जाते. २० मधून ५ मिलिग्रॅम काढले तर एक चतुर्थांश जातो. ८० मधून तेवढेच काढले होते तेव्हा सोळावा हिस्सा गेला होता. त्यामुळे पुढची पायरी घ्यायची ठरली तर ती आधीपेक्षा लहान आणि जास्त अंतराने असेल.

त्याआधी अल्प्राझोलामकडे वळायचं ठरलं आहे. ते काही आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं उतरवायचं आणि तोपर्यंत ऑक्सिकोडोन २० वरच राहू द्यायचं. परिचारिकांचा साप्ताहिक फोन बाईंच्या सांगण्यावरून पंधरवड्यावर आणला आहे, आणि डायरीत झोपेसाठी एक नवा रकाना आखून दिला आहे.